शब्दाचं शेपूट

अबंकायच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
साक्षीदार आणि टंकलेखिका यांच्या मधोमध माझी खुर्ची.
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, नाहीतर डुगडुगते.
मी दुभाष्या. तासावर पैसे.
बाई केचुआत बोलली की मी स्पॅनिश,
साहेब स्पॅनिश बोलले की मी केचुआ.
माझं स्वतःचं कुणी काही विचारत नाही.

आज फॉर्तुनाता क्कोरावा.
टोपी काढून मांडीवर,
पाठीवरचं विणीव बोचकं तसंच.
पाण्याचा पाट कुणी फोडला, एवढाच प्रश्न.

"लेओनसियोनं फोडला," ती म्हणाली,
आणि मागून हळूच चिकटवलं
बारीकसं एक 'सि'.

आमच्याकडे वाक्य असं बोडक्या डोक्यानं
घराबाहेर पडत नाही.
डोळ्यांदेखत घडलेलं असेल तर 'मि' घालून निघतं,
कानावर आलेलं असेल तर 'सि',
नुसता तर्क असेल तर 'चा'.
शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही.
'तू कुठे होतास तेव्हा?' हे विचारायची पाळीच येत नाही,
शेपटानं आधीच सांगून टाकलेलं असतं.

मी सांगितलं: "लेओनसियोनं पाट फोडला, म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे?"
साहेब किनाऱ्याकडचे, इथली थंडी त्यांना मानवत नाही.
"फोडला की नाही फोडला?"

ग्लादिसबाईंनी एक बटण टकटक दाबलं.
पडद्यावरून 'म्हणे' गेलं, एकेक अक्षर करत, शेवटाकडून.
लेओनसियोनं पाट फोडला.
पूर्णविराम.

फॉर्तुनाता सांगतच होती.
रात्री मी झोपले होते.
पहाटे पाटात चिखल होता. 'मि'.
त्याच्या दाराशी कुदळ होती, ओली. 'मि'.
माझा खालचा वाफा कोरडा. 'मि', 'मि'.
मधली रात्र तेवढी तिनं मोकळी सोडली,
आपली नाही म्हणून हात न लावलेल्या ताटासारखी.

सकाळी जन्मसाल विचारलं तेव्हाही
ती म्हणाली होती, "एकसष्ट साली जन्मले, म्हणे."
सगळे हसले. मीसुद्धा, पगारापुरता.
पण स्वतःच्या जन्माला 'मि' लावणार कोण?
हजर होतो आपण, कबूल.
जागे कुठे होतो?

माझी आई गेली तेव्हा मी लिमात होतो,
एका बँकेच्या काचा पुसत.
शेजारणीचा फोन आला चौथ्या दिवशी.
त्याला आता एकोणीस वर्षं झाली.
अजूनही केचुआत सांगायचं तर
'आई गेली, म्हणे' असंच सांगावं लागतं.
व्याकरण सूट देत नाही. दर वेळी विचारतं,
तू नव्हतास ना?
स्पॅनिशमध्ये आई नुसती मरते.
ती बातमी मी स्पॅनिशमध्येच सांगतो.
मुलीलाही तशीच सांगितली.
तिला दुसरी भाषा येतही नाही,
ती मी येऊ दिली नाही.

साडेबाराला कागद आला.
'वरील भाषांतर अचूक व संपूर्ण आहे.'
खाली माझं नाव, एदिल्बेर्तो यूपा, छापलेलं.
वाचला मी. 'म्हणे' कुठेच नव्हतं.
पुठ्ठा सरकला होता, खुर्ची हलली,
सही जरा वाकडी आली.

जिन्यात तिनं गाठलं.
"काय लिहिलं रे त्यांनी?"
"तू बोललीस तेच."
आणि सवयीनं म्हणा, घाईनं म्हणा,
मी 'मि' लावला.

ती क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.
मग बोचकं सोडून
भाजलेल्या मक्याची एक मूठ
माझ्या हातावर ठेवली.
"खा. सकाळपासून बोलतोयस."