नावाच्या जागी

रात्री सव्वाअकराला रमजान तडवीचा फोन:
"मॅडम, काटा चालू आहे, पण बेरीजवाला प्रोग्राम मुका झालाय.
नुसता डोळा मिचकावतो. दोनदा एन्टर मारला,
एकदा 'बोल ना भो' असंही टाइप करून पाहिलं."

रावेर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचा वजनकाटा,
केळीचे ट्रक रांगेत, ड्रायव्हर स्टिअरिंगवर झोपलेले.
प्रोग्राम माझा नाही. भंगाळे सरांच्या काळातला, पर्लमधला,
नाव आणि हुकूम एकाच घासात गिळणारा.
नावाच्या टोकाला उभी रेघ दिसली की त्याला नळी वाटते,
सुरुवातीला बाण दिसला की आतलं सगळं पुसतो,
कडेच्या मोकळ्या जागा तर न विचारताच खातो.

घरून फोल्डर पाहिलं. शेवटच्या पावतीचं नाव
एक आडवी रेघ. बाकी काही नाही.

"हे काय, रमजान?"
"बाईचं नाव उताऱ्यावर नाही ना, मॅडम.
सासऱ्याचं टाकू म्हटलं, तर नको म्हणाली.
मग फॉर्मवर मारतो तशी मारली."

पर्लच्या बोलीत एकटी रेघ म्हणजे:
फाइल सोड, समोर बसलंय ते माणूस सांगेल, तू ऐक.
म्हणजे तो बंद पडला नव्हता.
पाऊण तास ऐकत होता.

मी पावती उघडायला गेले. परवानगी नाही.
मालकाला वाचणं-लिहिणं, त्यापुढे नुसत्या रेघा,
गटाला तीन, इतरांना तीन. इथे रेघ म्हणजे नाही.
फाइल जन्मायच्या आधीच तिच्यातून काय वजा करायचं
ते सरांनी कधीचं ठरवून ठेवलेलं.
आणि मालक तरी कोण? रात्रपाळीचा रमजान.

मालकानेच द्यायची असते परवानगी, म्हणून त्याला आकडे सांगितले:
सहा, चार, चार. वाचू दे सगळ्यांना.
लिहू नको देऊ, वजन वजनच राहू दे.
मग नावाआधी एक टिंब, एक तिरपी रेघ.
टिंब म्हणजे इथे, ह्याच जागेत.
एवढ्यावर पटलं त्याला.

बेरीज आली, तिचे एकेचाळीस क्विंटल दहा किलो धरून.

"आता नाव बदलू का?"
"ती आहे अजून?"
"गाडीपाशी. घडांवर पानं झाकतेय."
"मग तिलाच विचार."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. चपला. लांब कुठेतरी कुत्रं.
मी ऐकत बसले,
डोळा मिचकावत.