एक गोल, एक सपाट

सूर नावाच्या गावात अकरा वर्षं आहे मी.
आई फोनवर दरवेळी विचारते,
लागला का गं सूर?

शनिवारी नाईट संपवून, गणवेश न बदलता
हार्डवेअरच्या दुकानात शिरले.
रेजाउलने काउंटरवर लाल रेक्झिनची घडी उलगडली:
बारा पटाश्या, सगळ्या चकचकीत,
शाळेच्या फोटोतल्या मुलींसारख्या उंचीने लावलेल्या.
साडेसहा रियाल. सिस्टर, तुमच्यासाठी सहा.

बारा बघून बरं वाटलं.
ऑपरेशनच्या ट्रेवर मी अशीच मांडते हत्यारं,
डावीकडून उजवीकडे, मोजून,
आणि पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजते.

"बारा लेके क्या करेगा?"
मागे बावुट्टी. खिळे घ्यायला आलेला.
खाडीकाठच्या यार्डात गलबतांच्या पिछाडीवर वेली कोरतो.
रमजानच्या आधी त्याचा हर्निया आमच्याच टेबलावर होता;
मी त्याचं आतलं पाहिलंय,
त्याने माझं तोंड मास्कशिवाय आज पहिल्यांदा.
आवाजावरून ओळखलंन.

म्हणाला, यातल्या नऊ पिशवीतच म्हाताऱ्या होतील.
एक गोल घे, अंगठ्याच्या नखाएवढी.
एक सपाट.
मूठ अठपैलू बघ, गोल मूठ टेबलावरून घरंगळते,
आणि पडती पटाशी झेलायची नसते,
पाय मागे घ्यायचा.

हे एवढं मला माहीत होतं.
आमच्याकडेही तोच नियम.

उरलेल्या पैशांचा दगड घे, म्हणाला.
कसला दगड?
धारेचा. दगड विकत घ्यायचा असतो, सिस्टर,
पटाशी त्याच्यासोबत घरी येते.

माझ्याकडे धार चांदीच्या कागदातून निघते.
दहा नंबर, पंधरा नंबर.
एक छेद, फार तर दोन,
मग पिवळ्या डब्यात.
गडहिंग्लजला विळी होती घरी,
पण तिची धार हे सायकलवाल्याचं काम,
आम्ही पोरी लांबून ठिणग्या बघायचो.
गेलेली धार आपल्या हाताने परत आणायची असते
हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं,
आठ रियाल देऊन. म्हणजे सेटपेक्षा दोन जास्तच.

पहिले चार दिवस लाकडाला हातही लावला नाही.
बाल्कनीत, पलीकडे ऐजाचं दीपगृह,
दगडावर तेल, तेलात काळा गाळ,
नखांत तो गाळ,
आणि वॉर्डात मेट्रन विचारते, हे काय?
ब्रशने घासून घासून धुतले हात.

लाकूड मोसंब्यांच्या खोक्याचं, फुकटचं.
मऊ म्हणून निवडलं, तिथेच फसले:
कठीण लाकूड बोथट पटाशीला नुसतं नाही म्हणतं,
मऊ लाकूड चुरगळतं, आणि सगळ्यांना दाखवतं.
पुन्हा दगड.

मग एका संध्याकाळी फळी उलटी फिरवली.
कातडीलाही रेघा असतात,
डॉक्टर त्यांच्या कलाने कापतात, व्रण बारीक राहतो,
हे मी हजारदा शेजारी उभी राहून पाहिलेलं.
रेघेच्या कलाने गोल पटाशी ढकलली.
आवाज बदलला.
एक साल निघाली, पातळ, वेटोळी,
कांद्याच्या पापुद्र्यासारखी उजेड आरपार जाणारी,
आणि खाली जी पन्हळ उरली
ती ओली असल्यासारखी चमकत होती.

काय कोरतेयस, आईने विचारलं.
काही नाही, म्हटलं. पन्हळ.
कशासाठी?
पन्हळीशेजारी दुसरी पन्हळ.

महिन्याने फळी घेऊन यार्डात गेले.
अर्धं गलबत, बरगड्या उघड्या,
बावुट्टी खाली सावलीत, पोटावर हात.
दुखतंय का, विचारलं. तर हसला.
फळीकडे त्याने बघितलंही नाही.
माझ्या पिशवीतून गोल पटाशी काढली,
अंगठ्याच्या नखावर तिरकी टेकवली.
घसरली नाही. तिथेच रुतून उभी.

"अभी तीसरा लेना है तो लो."

मी म्हटलं, इतक्यात नको.