शार्गु

सतरा वर्षांचा आहे. दात लांबट, पिवळे.
दोन्ही खांद्यांवर जिथे पट्टा घासायचा
तिथे केस पांढरे उगवलेत, तळहाताएवढे.
तेरा वर्षं ओंडके ओढले त्यानं
विशेउच्या वरच्या रानातून, फरची झाडं,
कधी बर्फावरून, कधी नुसत्या चिखलातून.

भाऊ मार्चमध्ये गेला.
मी तोरिनोहून आले दोन बॅगा घेऊन
आणि तबेल्यात हा उभा,
मागचा एक पाय ढिला सोडून,
मला ओळखत नसलेला.

गाव्रिला कुंपणावरून म्हणाला, विकून टाक, किलोवर जाईल.
बसायला शिकवणार? या वयात? तुझ्या की त्याच्या?
वरात केव्हाच गेली, रुक्सांद्रा,
आता कुठे मागून घोडं काढतेस.
मी म्हटलं, वरातीत जायचंय कुणाला.

त्याला सगळं येतं, अडचण तीच.
करवत ऐकून उभं राहणं, साखळी ऐकून पुढं होणं,
ओंडका उतारावर अंगावर येऊ लागला
तर बाजूला सरकणं. हे तर त्याला कुणी शिकवलंही नाही,
बाकीचे घोडे मेले, हा सरकला.
वजन मागे असतं, हे त्याला ठाऊक.
वजन वर बसतं, ते बोलतं, ते श्वास घेतं,
हे कुणी कळवलंच नाही.

पहिले वीस दिवस मी फक्त सांगत होते.
हे ओर्नेलाबाईंकडे शिकले, चौथ्या मजल्यावर, अकरा वर्षांत:
म्हाताऱ्या अंगाला हात लावण्याआधी सांगायचं.
आता पाठ पुसते. आता डावा पाय उचलते.
न सांगता उचललं की त्या पलंगाची कड धरायच्या
आणि माझ्याकडे नाही, छताकडे बघायच्या.
तसंच इथे. आता घोंगडी ठेवते. आता काढते.
आता पुन्हा.
कान एक माझ्याकडे, एक रानाकडे.
पोटाचा पट्टा एका भोकानं आवळायला
आठवडा गेला. गेला तर गेला.

मग ओट्यावर चढून नुसती आडवी टेकले
त्याच्या पाठीवर, पिठाच्या पोत्यासारखी,
पाय हवेत, स्कार्फ गळून शेणात.
तो थरथरला, माशी बसल्यावर कातडी थरथरते तसा,
पण पोट, खांदे, मान, सगळं.
माझंही तेच चाललं होतं.
त्या दिवशी तेवढंच. उतरले, गाजर दिलं,
स्कार्फ धुतला.

जूनच्या एका मंगळवारी बसले सरळ.
गाव्रिलाची सून लगाम धरून पुढे,
गाव्रिला स्वतः कुंपणावर, सिगारेट न पेटवता.
मी म्हटलं, दी.
भाऊ म्हणायचा तसंच, जरा ओढून.

शार्गुनं मान खाली घातली,
मागचे खूर मातीत रोवले,
छाती पुढे टाकली सगळी
आणि ओढलं.
टनभराच्या ओंडक्यासाठी साठवलेला जोर,
मागे काहीच नाही.
तो स्वतःच्याच जोरानं पुढे फेकला गेला,
गुडघ्यावर आला, मी मानेवर, तोंडात आयाळ.
सून ओरडली. गाव्रिला हसला नाही.

घोडा उठला. वळून मागे बघितलं
डावीकडून, मग उजवीकडून,
साखळी कुठाय म्हणून, ओंडका कुठाय म्हणून,
गवतात घसरलेल्या चरीची खूण तरी.

मीही बघितलं मागे.
तोरिनोत रात्री कोणी खोकलं नाही तरी
मी दर दोन तासांनी उठायचे,
इथे येऊनही उठते.

सुनेला म्हटलं, सोड लगाम.
काही बोलले नाही मग, दीसुद्धा नाही.
बराच वेळ आम्ही तसेच उभे.
घामाचा वास, दूर कुणाची तरी करवत,
त्या आवाजाला त्याचे कान उभे, मग हळूहळू आडवे.

आणि एक पाऊल.
अगदी लहान, बर्फ धरेल का असं चाचपावं तसं.
मग दुसरं, त्याहून थोडं कमी जोराचं.

गाव्रिलानं सिगारेट पेटवली.
म्हणाला, खोगीर भावाच्या मापाचं आहे,
तुला मोठं होतंय. आण उद्या, शिवून देतो.