नमुना आटला

झोंब्याच्या टेकडीवरून धुकं खाली येतं
तेव्हा साडेआठ वाजलेले असतात.
वर्गात सात जण, खुर्च्या सहा,
फळ्यावर माझंच कालचं वाक्य:
संशोधनाचा प्रश्न एका ओळीत मांडा.

लुसियानोची ओळ फळा संपवून भिंतीवर गेली,
मिनीबसच्या कंडक्टरांची कर्जं, त्या कर्जांची कर्जं.
एनेलेसीने सहा शब्दांत मांडली
आणि रडली.
मार्चपासून तिची शिष्यवृत्ती आलेली नाही.
हजेरीपटात याला रकाना नाही,
मी समासात लिहिलं: लेखाविभागात जाणे, दोघींनी.

तामांदानी शेवटी उठली.
"माझा नमुना आटला, मॅडम."

चिल्वा सरोवर. मासे विकणाऱ्या एकशेवीस बायका
टोपीत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या,
टोपी माझीच होती.
बत्तीस प्रश्न, नैतिकता समितीचा शिक्का,
मातेंबाचा भाव काय, टोपलीमागे सुटतं किती,
पैसा राहतो कुणाच्या हातात.
दुसऱ्या फेरीला ती गेली
तर पाणीच नाही.
चिखलाला भेगा, चिखलात रुतलेल्या होड्या,
आणि एकशेवीसांतल्या एकोणीस.
बाकीच्या कुणी कोळसा विकायला,
कुणी हद्द ओलांडून मोझांबिकात,
कुणी कुठे, ते शेजारणीलाही ठाऊक नाही.

"गळती," मागून कुणीतरी म्हणालं.
बरोबर आहे. पुस्तकात हाच शब्द आहे.
जणू नळ.

पंचवीस वर्षं मी पद्धती शिकवते.
माझ्याकडे तीन उपाय होते,
तिन्ही
पाणी असलेल्या तळ्यांसाठी.

मग तिने वही उघडली. छापील नव्हे, दुसरी,
पानांना माशाचा वास लागलेली.
अबिती साइदी. वय: तळं तीनदा आटलं, एवढं.
हिने सतरावा प्रश्न विचारला,
गेल्या आठवड्यात किती टोपल्या?
म्हातारी खोकून खोकून हसली.
"पोरी, तू तळ्याकडे आलीस की माझ्याकडे?
तळं गेलं. मी आहे. विचार की."

विचारायला कागदावर प्रश्नच नव्हता.
होडीच्या सावलीत म्हातारी जाळं उसवत बसली होती,
दोरा तरी विकला जाईल म्हणून.
तामांदानीने दुसरं टोक धरलं.
अंधार पडेपर्यंत अठरा गुंड्या झाल्या,
बोलणं फारसं नाही.
"त्या अठरा गुंड्या मी कुठे घालू, मॅडम?
कोणत्या प्रकरणात?"

इथेच घोडं पेंड खातं.
सात चेहरे माझ्याकडे.
आमच्याकडे संशोधनाला काफुकुफुकू म्हणतात,
कोंबडी अंगण उकरते तसा आवाज त्या शब्दाला,
आणि मला तेवढाच ऐकू येत होता.
"मला माहीत नाही," मी म्हटलं.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने.
लुसियानोने तेही वहीत उतरवून घेतलं.

दुपारी मुदतवाढीचा अर्ज. कारणासाठी जागा दीड इंच.
तिने लिहिलं: पाणी परत यायची वाट बघणाऱ्या एकोणीस जणी.
मी तिला खोडायला लावलं.
क्षेत्रकार्यातील अडचणी, असं लिही,
डीनचं कार्यालय इतकंच वाचतं.
सही केली. हात किंचित अडला,
पण केली.
खोडलेलं मात्र खालून दिसत होतं, ते मी राहू दिलं.

मग एनेलेसी आणि मी लेखाविभागात.
खिडकी बंद, आत पंखा चालू.
पायरीवर बसलो. तिने भाजलेल्या कणसाचे
दोन तुकडे केले, मोठा मला दिला.
"मॅडम, तुमच्या प्रबंधात
किती जण आटले होते?"

मी दाणे सोलता सोलता मोजायला लागले.
खिडकी उघडली तेव्हा
चाळिशीत होते.