हातचा

जेवणं झाली तरी दोघं उठेनात.
तोमोहिसा म्हणतो, टाकायलाच नको होता.
तेल संपलेलं, तांदूळ संपलेला, शरण जायची बोलणी आतल्या आत चाललेली.
आणि एक टाकला तो टाकला, दुसरा कशाला?
पहिल्यानं काय झालं ते टोकियोला धड कळायच्या आत?

कॉलिन इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो,
चॉपस्टिक माझ्या नातवापेक्षा नीट धरतो.
तो म्हणतो, नसता टाकला तर नोव्हेंबरात
क्युशूच्या किनाऱ्यावर लाखांनी मेले असते, दोन्हीकडचे.
माझे आजोबा पहिल्याच बोटीत असते.
मग मी नसतो, एवढं तो म्हणत नाही.
माशाचे काटे ताटलीच्या कडेला एका रांगेत लावत राहतो.

मी चहा ओतते.
म्हातारी चहा ओतत असली की तिला मत नसतं, असं धरून चालतात.

तो दुसरा माझा होता, तोमो.
यादीत आमचं कोकुरा होतं.
नऊ तारखेला सकाळी विमान डोक्यावर तीनदा येऊन गेलं,
खाली त्यांना काही दिसेना.
कुणी म्हणतं ढग होते,
कुणी म्हणतं आदल्या दिवशी यावाता जळलं त्याचा धूर.
मग ते नागासाकीकडे वळलं.
तिथे फुसाए मावशी छत्र्या दुरुस्त करायची.

मला शाळेत बेरीज शिकवली तेव्हा सांगितलं होतं,
घरात मावत नाही तो आकडा
शेजारच्या घराच्या डोक्यावर द्यायचा.
हातचा.
तुम्ही दोघं इतके लाख, तितके लाख मांडताय,
त्यात तो हातचा कुणी धरलाय का,
एवढंच बघत होते मी.

आणि कॉलिन, तुझ्या आजोबांची नि माझी गाठ पडली असती.
मियाझाकीच्या वाळूत नाही तर इथे, थोडी उशिरा.
आम्हा मुलींना बांबूचे भाले दिले होते,
टोकं निखाऱ्यावर भाजून कडक केलेली.
बाई सांगायच्या, पोटात खुपसा,
छातीत नको, बरगडीत अडकतो.
मी पंधरा वर्षांची.
पेंढ्याच्या माणसाला खुपसण्याआधी हळूच माफी मागायचे.
त्यांनी मला मारलं असतं,
किंवा मी त्यांना. हसू नकोस, चपळ होते मी.

म्हणजे बॉम्बनं मला वाचवलं म्हणायचं
आणि त्याच बॉम्बपासून धुरानं.
एका जिवावर दोन उपकार,
आणि दोन्हींची पावती मावशीच्या नावावर.

अजून एक. हे तोमोच्या आईलाही सांगितलेलं नाही.
त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही शस्त्रांच्या कारखान्यात
कागदाचे फुगे चिकटवायचो, घराएवढे.
कोन्याकूच्या कंदाची खळ, बर्फासारखी गार.
भूक लागली की बोटं चाटायचो, मुकादमाची पाठ वळली की.
फुगे वाऱ्यावर समुद्रापार जायचे, खाली बॉम्ब टांगलेले.
ओरेगॉनच्या रानात सहलीला गेलेली पाच मुलं
आणि एक पोटुशी बाई.
बाकी कोण मेलं म्हणून कुणी लिहून ठेवलेलं नाही.
तो फुगा माझ्या हातचा होता की नाही, मला माहीत नाही.
माझ्या हातची खळ मात्र पक्की बसायची,
बाईंनी वर्गासमोर दाखवली होती.

"मग आजी, बरोबर कोण?"

चहा गार झाला. दुसरा टाकते.

त्या दिवशी आईनं उशांचे अभ्रे धुऊन वाळत घातले होते.
भोंगा थांबल्यावर आम्ही बाहेर आलो
तर पांढऱ्या कापडावर काजळीचे ठिपके, बोट लावलं की पसरणारे.
आई त्या धुराला इतकं बोलली, इतकं बोलली.
साबणाचा शेवटचा तुकडा होता तो.
पुन्हा सगळं भिजवलं तिनं,
दगडावर आपटून आपटून धुतलं
आणि अकरा वाजून गेल्यावर कधीतरी
मला म्हणाली, दुसरं टोक धर, पीळ घालायचाय.
मी धरलं.