कलम चौदा

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बोंबील,
त्याला चिकटून दर्शूच्या गुडघ्याचा बर्फ.
सगळ्या बर्फाला बोंबलाचा वास.
पप्पा, माझा गुडघा खाडीतून काढल्यासारखा वाटतो,
म्हणते आणि हसते.
आठ दिवसांत एवढंच हसलीय.

टेबलावर दोन कागद.
एक पातळ: वीस तारखेला शिबिराला हजर व्हावे.
दुसरा जाड, सव्वीस पानी,
पानापानाच्या कोपऱ्यात तिची सही, छोटी, घाईची.
चौदावं कलम मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.
क्लबच्या लेखी परवानगीशिवाय,
हंगामाआधीचे नव्वद दिवस,
अन्य कोणत्याही संघासाठी.
अन्य कोणत्याही.
देशाचं हे नाव मी पहिल्यांदाच वाचत होतो.

कलम म्हणजे मला आंब्याचं ठाऊक.
फांदी एकाची, खोड दुसऱ्याचं,
सुतळीनं आवळून बांधायचं
आणि बघत बसायचं, धरतंय का.

घणसोलीच्या नाक्यावर सगळ्यांना सगळं कळतं.
बामाशेठ म्हणतो, देश आधी, पैसा मागून.
(प्लॉट विकताना हे त्याला आठवलं नव्हतं.)
सलूनवाला वस्तरा थांबवून म्हणतो,
पैसे घेतले ना, मग त्यांचंच खेळायचं.
देशाकडून हौशी लोक खेळायचे पूर्वी.

हौशी.
हा शब्द मी अंगावर वागवलाय.
सत्त्याऐंशी साली, रबाळ्याची रंगाची कंपनी,
मी पॅकिंगला, आणि कंपनीच्या टीमचा राइट हाफ.
पहिली पाळी संपली की रॉकेलनं हात घासायचे,
तरी स्टिकच्या मुठीला निळा रंग लागायचाच.
राज्याच्या संघात नाव आलं तेव्हा
सुपरवायझर म्हणाला, जा की, अडवतंय कोण,
बिनपगारी.
अकरा दिवस.
घरी आईनं तांदूळ उसने आणले,
तिकडे मी पेनल्टी कॉर्नरवर एक गोल मारला.
हौस कुणाची फिटली
ते मला अजून सांगता येत नाही.

शिपाई पगार घेऊनच सीमेवर उभा राहतो,
त्याला कुणी धंदेवाईक म्हणत नाही.

म्हणून मीच तिला म्हणालो होतो, कर सही.
घामाला दर असू दे.
माझ्या बापानं शेतावर अंगठा उठवला
तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं,
साडेबारा टक्क्यांची वाट बघत गेला बिचारा.
तू वाचून कर.
तिनं वाचलं. मीही वाचलं.
चौदावं
दोघांनीही जरा भराभर वाचलं.

काल क्लबचा माणूस वाशीहून आला.
चांगला पोरगा, बूट दाराबाहेर काढले,
चहात साखर कमी चालेल म्हणाला.
काका, तिकडे गुडघा गेला
तर तिकडचे हार घालतील,
ऑपरेशन आम्हालाच करायचंय.
खोटं नाही बोलला.
तेच तर अवघड आहे.
मग शिबिरवाल्यांना फोन लावला.
ते म्हणाले, त्या जर्सीची किंमत होत नाही.
मी म्हटलं, जर्सीची नको, विम्याचं सांगा.
त्यांनी ठेवला, का रेंज गेली, कळलं नाही.

आता ती खाली बसलीय,
पाय लांब, जुनी ग्रिप उलगडतेय स्टिकची.
मला दोन्हीकडं खेळायचंय, पप्पा. गुडघा एकच आहे.
दुसरा आहे ना, मी म्हणालो.
तो जिना चढायला ठेवलाय.

मग तिनंच वही ओढली.
लेखी परवानगी म्हणतात ना, मग लेखीच मागू.
तारीख घातली, नाव घातलं,
दर्शना हरेश्वर मढवी,
आणि पेन थांबलं.
कारण म्हणून काय लिहू?

सत्त्याऐंशीत, त्याच रकान्यात,
मी लिहिलं होतं:
घरगुती काम.

तिला अजून सांगितलेलं नाही.
बर्फ टॉवेलातून गळतोय,
फरशीवर बोंबलाचा वास पसरतोय.