हजेरीपट

आयुक्त स्वतः येणार म्हटल्यावर
आमच्या ऑफिसातल्या पंख्यांची धूळ पुसली गेली,
जिन्यातल्या पिचकाऱ्यांवर चुना बसला,
आणि किमान वेतनाच्या जुन्या तक्त्यावर
कुणीतरी नवा चिकटवला,
जरा तिरपाच.

मी लघुलेखक. वर्ग तीन. सेवेची सव्वीस वर्षं.
त्यात मुंबईहून सांगलीला आलेला कामगार आयुक्त
हा पहिलाच.
आला नव्हे, आल्या. तडवी मॅडम.
यावलकडच्या. बोलण्यात अजून खानदेशी हेल,
चपलेचा अंगठा पुन्हा शिवून घेतलेला.

राज्यातल्या सगळ्या कामगारांच्या ह्या साहेब,
आमचा शिपाई बंडगर म्हणाला.
मी म्हटलं, सगळ्यांच्या कसल्या,
कायद्यात बसतील तेवढ्यांच्या.

तपासणी कुणाची, हे आता संगणक ठरवतो.
मार्केट यार्डातल्या त्या हळदीच्या वखारीचं नाव
संगणकाला तीन वर्षं सुचलं नव्हतं.
मॅडमना सुचलं. का, ते विचारायची माझी पायरी नाही.

आत पॉलिशचे ड्रम फिरत होते,
माणसाला माणसाचं ऐकू येत नव्हतं.
पन्नासेक बाया हळकुंडं निवडत बसलेल्या.
बोटं, भुवया, पदर, थुंकीसुद्धा पिवळी.
बायना ऐवळे ओरडून म्हणाली,
'आमची रोजच हळद, साहेब,
लगीन तेवढं राहिलंय.'

मुनीमजींनी हजेरीपट पुढे केला,
सोबत भडंगाची प्लेट.
मॅडमनी भडंग खाल्लं.
(आधीचे एक साहेब पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत,
शेरा मात्र 'सर्व समाधानकारक'.)
खात खात पानं उलटत राहिल्या.
चौपन्न नावं, बारा महिने,
प्रत्येकीपुढे पुरता पगार, पुरता फंड,
प्रत्येकीपुढे निळ्या शाईचा अंगठा,
गोल, स्वच्छ, चौकटीच्या आत.
कागद चोख आहे. दीड वाजता जेवायला मोकळे,
मी मनात म्हटलं.

मग त्यांनी काहीतरी विचारलं, इतकं हळू
की ड्रम बंद करावे लागले.
'मुनीमजी, ह्या बायकांच्या हातांचा
एकही डाग
ह्या वहीवर कसा नाही?'

वखारीत एवढ्या चिमण्या आहेत
हे तेव्हा कळलं.

'हात धुऊन अंगठा घेतो आम्ही,' मुनीमजी म्हणाले.
मागं मुमताज मुजावर हसली.
तोंडाला पदर लावून, पण हसली.
'एकवीस वर्षं धुतेय. साबण कुठला ते तरी सांगा.'

दुपारी जबाब. चौपन्नपैकी सात आल्या.
बाकीच्यांना घरी कामं होती,
कामं होती असं सांगायला सांगितलं होतं.
मिळतात किती? कागदावरच्या निम्मे.
सही कुणी घेतली? कुणीच नाही.
मी लिहीत गेलो, टाइप करत गेलो,
आणि शेवटी अंगठे घेताना
निळ्या शाईच्या कडेनं, माझ्या सरळ ओळींवर
पिवळं उमटत गेलं.
मी चिंधी उचलली. सवयीनं. शासकीय कागद.
'राहू द्या,' मॅडम म्हणाल्या.

नवव्या आठवड्यात त्यांची बदली झाली.
मत्स्यव्यवसाय, की वस्तुसंग्रहालयं, असंच काहीतरी.
प्रकरण चालू आहे. पुढची तारीख श्रावणात.
सातांतल्या दोघींचं काम गेलं,
बायना आता तासगावला द्राक्षाच्या पॅकिंगला जाते,
तिथंही हजेरीपट असेलच.

परवा वकिलांनी जबाबांच्या नकला मागितल्या,
पान एकशे बारा ते एकशे अठरा.
झेरॉक्समध्ये डाग काळे आले,
कुणी चहा सांडल्यासारखे.
मी बराच वेळ बघत बसलो.
मग प्रत्येक नकलेच्या समासात
वरिष्ठांना न विचारता लिहिलं,
'मूळ प्रतीत पिवळे',
आणि खाली सही केली, पुरं नाव घालून.